उन्हात वाळत घातलेली तबकडी

काळी, गोल आणि मधोमध हे एवढं मोठं भोक असलेली मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. गाण्याची तबकडी. तुमच्या घरातली मोठी माणसं 'रेकॉर्ड' म्हणतात, तीच. मोठ्या रेकॉर्डी जेवणाच्या ताटाएवढ्या असतात, मी मात्र पोह्यांच्या बशीएवढी. माझ्या एका अंगावर एक गाणं, दुसऱ्या अंगावर दुसरं. आम्हा बशीएवढ्यांना 'सिंगल' म्हणतात. खोपोलीला शिळफाट्याच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या घरात, बेकरीच्या पत्र्याच्या डब्यात मी राहते. माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी त्या डब्यात आहेत. डब्याला अजून खारीचा वास येतो.

आमच्यातल्या निम्म्या भांडखोर आणि निम्म्या रडक्या. भांडखोर गाण्यांना 'हार्डकोअर' म्हणत, रडक्या गाण्यांना 'इमो'. खरं सांगायचं तर दोघींत फार फरक नाही. दोन्हींत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात. एकीत जगावर ओरडतात, दुसरीत स्वतःवर.

माझा जन्म नव्वदच्या दशकातला, फार लांबच्या एका थंड, पावसाळी बंदरगावातला. तिथं एक जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं होतं. त्या जहाजाच्या इंजिनात काम करायला कमाल नावाचा एक जवान खलाशी होता. खोपोलीचा. कोकणी मुसलमानाचं घर, बापजाद्यांपासून कुणी ना कुणी बोटीवर. एका संध्याकाळी तो गोदीवरून फिरत असताना एका बंद गोदामातून आरडाओरडा ऐकू आला. आदळआपट चालली होती. कमालला वाटलं, आत कुणाची तरी जुंपली आहे. आता आपल्याकडचा माणूस भांडण दिसलं की सोडवायला जातोच. कमालही बाह्या सरसावून आत शिरला, आणि ओरडणाऱ्या पोराला मागून मिठी मारून त्यानं बाजूला खेचलं!

गाणं थांबलं. समोर गिटार घेतलेली दोन पोरं, मागं ढोल बडवणारा एक, आणि कमालच्या मिठीत गाणारा. सगळी त्याच्याकडे बघत राहिली. मग जी हसत सुटली, ती थांबेचनात. कमालला त्यांनी खोक्यावर बसवलं, चहा दिला. त्या दिवसापासून तो रोज तिथं जाऊ लागला.

त्या गाण्यांची एक रीत असते, मित्रांनो. गाण्यात एखादी जागा अशी येते की तिथं खोलीतले सगळे दोस्त गोळा होऊन एकदम ओरडतात. माझं गाणं टेपवर घ्यायचा दिवस आला तेव्हा पोरांनी ठरवलं, ह्या वेळी ती जागा कमालची. त्यानं एकट्यानं ओरडायचं, स्वतःच्या बोलीत, वाट्टेल ते. कमालला काय सुचणार? लहानपणी तो घाटाखालच्या माळावर खेळत असायचा आणि आई जेवायला हाक मारायची, तेव्हा तो जे ओरडायचा तेच त्याच्या तोंडून निघालं.

"आलो रं, आलोऽऽ!"

मग मला घडवलं. काळ्या प्लास्टिकचा तापलेला गोळा दोन साच्यांमध्ये ठेवून वरून दाबला, आपण पुरीयंत्रात पुरी दाबतो तसा. मी चपटी झाले आणि माझ्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटली. बाहेरून आत गोल गोल जाणारी एकच रेघ. त्या रेघेत ढोल आहे, गिटारी आहेत, आणि शेवटाकडे खोपोलीचा कमाल आहे. उष्णतेनं मला आकार दिला, हे तेवढं ध्यानात ठेवा. पुढं ह्याच उष्णतेनं माझी काय गत केली, ते सांगायचं आहे.

बाकीचे खलाशी घरी येताना अत्तरं, घड्याळं, चॉकलेटं आणत. कमालनं पेटीतून मला काढलं आणि सोबत एक तबकडी वाजवायचं यंत्र. त्याची नवी नवरी हाजरा कौतुकानं पुढ्यात बसली. सुई टेकली आणि ती दचकून मागं सरकली.

"अवो, हे गाणं हाय का सासू-सुनंचं भांडण?"

"ऐक तर गं. आता माझा नंबर येतोय."

आणि आला. यंत्रातून एक कमाल ओरडला, यंत्राशेजारी उभा राहून दुसरा. हाजरा तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. "घरात दोन-दोन कमाल! मला एकच आवरत नाय."

माझ्या मधल्या भोकात बसवायला एक चकती लागते, ती काही खोपोलीत मिळेना. आपल्याकडची पोरं जुनी स्लिपर कापून गाडीची चाकं करतात ना? कमालनंही आपली झिजलेली निळी स्लिपर कापली आणि माझी चकती केली. त्या रबरी चाकावर मी इतकी वर्षं फिरले. दर फेरीत तो नवनव्या बंदरांतून माझ्यासाठी बहिणी आणत गेला. असा आमचा डबा भरला.

आणि ती आरोळी तर त्याच्या येण्याची खूणच होऊन बसली. तो बोटीवरून आला की गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, "आलो रं, आलोऽऽ!" शिंपी, किराणावाला, सायकलवाला, सगळे दुकानांतून उत्तर द्यायचे, "ये रं, ये!" त्याची धाकटी लेक फराह अनवाणी धावत जिना उतरायची. पुढं त्यानं बोट सोडली आणि शिळफाट्यावर मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी रोज संध्याकाळची आरोळी चुकली नाही. दाराची कडी वाजवणं त्या माणसाला माहीतच नव्हतं.

दिवस बदलले. सीडी आल्या, मग मोबाइल आले. यंत्राचा पट्टा सैल झाला, ते माळ्यावर गेलं. आमच्या डब्यावर आधी वर्तमानपत्रं साठली, मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. फराहचं लग्न होऊन ती कर्जतला भिसेगावात गेली. आम्हाला कुणी हात लावीना. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. गल्लीतून रोज ती आरोळी ऐकू यायची, आणि मी अंधारात मनाशी म्हणायची, हा तर माझाच!

फराहला मुलगी झाली, मिन्हा. त्याच सुमारास कमालच्या घशात दुखणं निघालं. डॉक्टरांनी शर्थ केली. त्यांनी जीव राखला, पण आवाज काढून घ्यावा लागला. त्यानंतर गल्लीतून आरोळी आली नाही.

आता कमाल ओठ हलवतो, आणि हाजरा ते वाचून सगळ्यांना सांगते. नातीला हाक मारायची तर तो टाळी वाजवतो. मिन्हाला त्याचं काहीच वाटत नाही, कारण तिनं त्याला असाच पाहिला आहे. तीही त्याला हाक मारायला टाळीच वाजवते. घरातले तिला "नाना म्हण, नाना" म्हणून शिकवतात. ती ऐकून घेते आणि टाळी वाजवते. तिच्या लेखी नानाचं नाव म्हणजे टाळी.

फराहला ते बघवत नसे. पाऊस सरल्यावर ती माहेरी राहायला आली होती. मिन्हा तिच्या खांद्यावर झोपली होती, समोर कमाल एका मिक्सरचं भांडं पुसत बसला होता. फराह हळूच म्हणाली, "अब्बा, तुमची तबकडी काढू या का? हिला तुमचा आवाज ऐकवते."

कमालनं मान हलवली. नाही. मग त्याचे ओठ हलले.

"काय म्हणतायत, अम्मी?"

हाजरानं सुस्कारा टाकला. "गेलेल्या पाहुण्याला कशाला हाका मारता, म्हणतायत."

 फराहची नजर मात्र डब्यावरून हटेना. हाजरानं ती नजर हेरली.

दोन दिवसांनी कमाल तपासणीसाठी पनवेलला गेला. बाहेर ऑक्टोबरचं कडकडीत ऊन पडलं होतं. आपल्याकडे पावसाळा संपला की घरातल्या दमट झालेल्या चिजांना ऊन दाखवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाजरानं गच्चीवर गोधड्या नेल्या, डाळी नेल्या, तांदळाचे पापड नेले. मग आमचा डबा उघडला. कागदी पाकिटांवर बुरशी धरली होती. तिनं आम्हाला एकेक करून बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं लेकराचं तोंड पुसावं तसं पुसलं, आणि चादरीवर पापडांशेजारी ओळीनं मांडलं. मला चादरीवर जागा उरली नाही, म्हणून मला कठड्याच्या पत्र्यावर ठेवलं. इतक्या वर्षांनी उजेड पाहून मी हरखून गेले होते!

शेजारच्या गच्चीवर सुनिता कपडे वाळत घालत होती. तिनं मान लांब केली.

"काय गं हाजरा, काळे पापड कवापासून करायला लागलीस?"

"अगं, ह्यांची गाणी हायत. वास मारत होती. जरा ऊन दाखवते."

"मग पालटत ऱ्हा मधून मधून. दोन्ही अंगांनी लागू दे!"

आणि हाजरानं मला पालटलं देखील. प्रेमानं पालटलं, मित्रांनो. पत्रा तापला. मला आधी ऊब लागली, मग कढ आला. अंग सैल पडू लागलं. माझ्या कडा वर उचलल्या जात होत्या, आणि मला ओरडता येत नव्हतं. माझा आवाज सुई असल्याशिवाय निघत नाही.

फराह धुतलेली दुपटी घेऊन वर आली तेव्हा मी वाटीसारखी झाले होते.

"अम्मी! हे काय केलंस गं!"

तिनं धावत जाऊन सगळ्यांना सावलीत ओढलं. बहिणी चादरीवर होत्या, त्यांचं थोडक्यात निभावलं. माझ्यात मात्र आमटी वाढता आली असती.

संध्याकाळी कमाल आला. त्यानं मला दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, आणि तो तसाच जिन्याच्या पायरीवर बसला. हाजरा समोर उभी, हात ओले, डोळे ओले.

"मी काय मुद्दाम केलं का? चांगलं करायला गेले. अवो, असं बघू नका. ओरडा ना माझ्यावर! ओरडा हवं तर!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला.  कमालचे ओठ हलले.

"काय म्हणतायत?" फराहनं विचारलं.

हाजरानं तोंडावरचा हात काढला. मग म्हणाली, "त्यात मी होतो, म्हणतायत."

नको नको म्हणणारा हाच माणूस, मित्रांनो. मी बिघडले तेव्हा त्याला कळलं की मी हवी होते.

हाजरानं नाक पुसलं आणि ओढणी कमरेला खोचली. "उन्हानं वाकली ना? मग उन्हानंच सरळ करीन. वाकडे पापड सरळ नाय करत मी? अर्धवट वाळले की दाबून ठेवते, तशीच हिला ठेवते."

"अम्मी, पापड खायचा असतो. ही वाजायला हवी."

"नीट वाळलेला पापड पण वाजतोच गं. तू काच आण."

कमालनं दुकानातल्या काउंटरच्या दोन जाड काचा काढून आणल्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात मला त्या दोन काचांमध्ये ठेवलं. हाजरा शेजारी सुपानं कावळे हाकत बसली, जसे काही ते मलाच पळवणार होते. दर थोड्या वेळानं ती काचेला गाल लावून ऊन जोखायची. फार तापले असते तर माझी रेघच पुसली गेली असती, आणि त्या रेघेबरोबर तोही. मी नरम पडले, कडा खाली बसल्या, तशी हाजरा ओरडली, "उचला आता, सावलीत!" आत नेऊन काचेवर पाटा ठेवला. पाट्यावर मिन्हा चढून बसली, आणि काही केल्या उतरेना.

"बसू दे," हाजरा म्हणाली. "तेवढंच वजन."

गार झाल्यावर काच उघडली. मी सरळ झाले होते. अगदी पहिल्यासारखी नाही, एका कडेला थोडी लाट राहिली होती. कमालनं माझ्यावरून बोट फिरवलं आणि एका शब्दाचीही वाट न बघता माळ्यावरून यंत्र काढलं. सैल पट्टा टाकून सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून बसवली. माझी निळी चकती हातात घेतली तर तिचा भुगाच झाला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. दारात मिन्हाची तोकडी झालेली गुलाबी स्लिपर पडली होती. ती त्यानं कात्रीखाली धरली, तशी मिन्हानं भोकाड पसरलं.

"माजी चप्पल!"

"नाना चाक करतायत तुझ्यासाठी," फराहनं तिला उचलून घेतलं. "थांब, बघ तर."

शुक्रवारची दुपार होती. नमाज झाली होती, जेवणं झाली होती. सुनिताही येऊन बसली, कारण "पालटत ऱ्हा" असं तिनंच सांगितलं होतं आणि तिला घास गोड लागत नव्हता. गुलाबी चाकावर मी बसले. कमालनं सुई टेकवली.

आणि म्हशीनं हंबरावं तसा आवाज निघाला.

"या अल्ला, बसला वाटतं गळा हिचा," हाजरा पुटपुटली. मिन्हा आईच्या कुशीत घुसली. कमालनं मात्र हसून बोट वर केलं, थांबा. नवी पट्टी ढिली होती. त्यानं ती एक पीळ देऊन घट्ट केली, आणि मी धावू लागले. ढोल आला! गिटारी आल्या! ती पोरं जीव तोडून ओरडू लागली. पण माझ्या अंगावर लाट होती ना. सुई लाटेवर चढायची, उतरायची, चढायची, आणि एकदा टुणकन उडून मागं पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. फराहनं डोळे मिटून घेतले. कमालनं खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि सुईच्या माथ्यावर ठेवलं. वजन आलं तशी सुई माझ्या अंगाला बिलगली. लाट चढली. लाट उतरली. गाणं पुढं सरकलं. मग ढोल थांबला, गिटारी थांबल्या, एक श्वासभर शांतता झाली.

"आलो रं, आलोऽऽ!"

मिन्हा आईच्या मांडीवरून उतरली आणि दाराकडे धावली. कुणी आलो म्हणालं तर दार उघडायला नको? तिनं बाहेर वाकून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"कोन आलं?"

"तिकडे नाही गं," फराह रडत हसत म्हणाली. "इकडे बघ. नाना आलेत."

कमालनं सुई उचलून पुन्हा मागं ठेवली. ह्या वेळी तो यंत्राशेजारी उठून उभा राहिला, पहिल्या दिवशी उभा होता तसा. शांतता झाली. त्यानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, हात वर केले.

"आलो रं, आलोऽऽ!"

मिन्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे गेली, त्याचा पायजमा ओढून त्याला खाली वाकवलं, आणि त्याच्या गळ्यावर आपला तळवा ठेवला. टाळीला उचललेला दुसरा हात तिनं खाली घेतला.

"नाना," ती म्हणाली.

फराहनं आवाजाचं बटण फिरवलं, होतं तेवढं सगळं. तिसऱ्यांदा वाजले ती गल्लीभर वाजले! खाली शिंप्याचं मशीन थांबलं. किराणावाला दुकानाबाहेर आला. सायकलवाला विकास हातात पंप घेऊन ओरडला, "आरं, कमाल ओरडला! कमाल बोलायला लागला रं!"

"खुळ्या, तबकडी हाय ती!" सुनितानं खिडकीतून सांगितलं. 

"तबकडी असू दे नायतर काय बी असू दे! आवाज त्याचाच हाय का नाय?"

कमाल खिडकीत आला, कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे दोन्ही हात उंच करून. आणि खालून सगळ्या गल्लीनं, जुन्या दिवसांसारखं, एका दमात उत्तर दिलं, "ये रं, ये!"

मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी वाजले की गुलाबी चाक गरम झालं. मग माझ्या बहिणीही निघाल्या, भांडखोर आणि रडक्या सगळ्या. हाजराला अजून ती गाणी सासू-सुनेचं भांडणच वाटतात, पण आता पुसून पाकिटात तीच ठेवते. आमचा डबा सावलीत असतो. त्यावर बरणी ठेवायची कुणाची छाती नाही.

दर वेळी सुई फिरते तेव्हा माझं थोडंसं अंग झिजतं. झिजू दे. डब्यात मी जशीच्या तशी होते, आणि कुणाच्याही उपयोगाची नव्हते. तुमच्या घरातही कुठंतरी, माळ्यावर नाहीतर बंद पडलेल्या फोनात, कुणाचा तरी आवाज असेल. त्याला कडेनं धरा, हळू धरा. उन्हात ठेवू नका, एवढं माझं ऐका. आणि तो माणूस शेजारी बसलेला आहे तोवर वाजवा. तो नको म्हणेल. तरी वाजवा.

परवा फराह पुन्हा कर्जतहून आली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. वर खिडकीशी कमाल वाट बघत होता, मी यंत्रावर गुलाबी चाकावर तयार होते. पण माझी पाळी आलीच नाही. खालून एक चिमुकला, चिरका, बेंबीच्या देठापासूनचा आवाज आला.

"आले लं, आलेऽऽ!"

शिंप्यानं मशीन थांबवलं, किराणावाल्यानं तराजू खाली ठेवला, आणि अख्खी गल्ली ओरडली, "ये गं, ये!"

कमालनं माझ्यावर ठेवायला उचललेली सुई परत जागेवर ठेवली आणि नातीला घ्यायला तो धावत जिना उतरला.